तीन झटके म्हणजे निळं

आमचे सासरे माझ्या दुकानातल्या पुतळ्याशी भांडले, तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाही.

पुतळा म्हणजे कपड्यांचा. मी शिंपीण आहे, शाळेचे गणवेश आणि बायकांचे कोट शिवते. त्या दिवशी पुतळ्याच्या अंगावर एक कोट होता आणि मानेच्या दांडीवर मी कोणाची तरी विसरलेली टोपी अडकवून ठेवली होती. बाबा दारातून आत आले, पुतळ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "जरा बाजूला होता का?" पुतळा कसला होतोय बाजूला. बाबा म्हणाले, "ऐकू येत नाही का?" आणि मग, "ठीक आहे. तुम्ही उभ्या राहा, मीही उभा राहतो." आणि खरंच उभे राहिले की! मी आतल्या मशीनवर बाही लावत होते. आधी वाटलं, थट्टा करताहेत. पण थट्टा आणि आमचे बाबा? एकतीस वर्षं वजनमापं तपासायची नोकरी केलेला माणूस. सगळं गाव त्यांना मापसाहेब म्हणायचं. त्यांची सायकल कोपऱ्यावर दिसली की दुकानदारांचे तराजू आपोआप सरळ व्हायचे. त्या नोकरीत थट्टा चालत नसावी, कारण त्यांना ती करताच येत नव्हती.

"अहो बाबा, तो पुतळा आहे," मी म्हटलं.

त्यांनी कोटाची बाही चाचपून पाहिली. मग म्हणाले, "माहीत आहे मला."

"मग भांडत का होता?"

"पुतळा असला म्हणून काय झालं? वाटेत उभा आहे."

मी उठले आणि हातात कात्री धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, हा दोरा कुठल्या रंगाचा आहे हो?"

त्यांनी मान जराशी तिरकी केली, नीट विचार केला आणि म्हणाले, "निळा. पण फिकट."

मी कपाळावर हात मारला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. मग एकेक बाहेर आलं. दोन वर्षं झाली होती. डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणून चालताना कुठे धडपडत नव्हते आणि म्हणून आम्हाला पत्ता लागला नव्हता. बसने दोन गावं ओलांडून एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरने सांगितलं, आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. हे सगळं पोटात ठेवून हा माणूस दोन वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर पेपर धरून बसत होता! पानंसुद्धा उलटायचे हो. बरोब्बर वेळेवर.

"आणि मोजणी?" मी विचारलं. "फुलपाखरांची मोजणी कशी केलीत?"

आता ही मोजणी काय ते सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. आमच्या गावाला नदी आहे, पण वर्षातले आठ महिने तिच्यात पाणी नसतं. थंडी सरली आणि झुडपांना पालवी फुटली की त्या कोरड्या पात्रात फुलपाखरं येतात, आणि मंडळाची माणसं ती मोजतात. मंडळ म्हणजे फुलपाखरू मोजणी मंडळ. हसू नका, आहे असं मंडळ. प्रत्येकाला नदीचा एक तुकडा नेमून दिलेला असतो. बाबांकडे पुलापासून वळणापर्यंतचा. बावीस वर्षं, दर वसंतात, तीच वाट, तीच वेळ, तीच चाल, डावी-उजवीकडे पाच-पाच पावलं. मंडळाची नियमावलीसुद्धा बाबांनीच लिहिलेली. नियम पहिला, मोठ्या अक्षरांत: स्वतःच्या डोळ्यांना दिसलं तेवढंच वहीत. अंदाज नाही, ऐकीव नाही. आमच्या शिवणकामात आपण कापड कापताना अर्धा इंच जास्तीचं सोडतो. बाबांच्या वहीत तेवढीही सूट नव्हती.

"सांगा की," मी म्हटलं. "दोन वर्षं काय लिहिलंत?"

"त्याआधीच्या वर्षाचे आकडे घेतले," ते स्टुलावर बसून जमिनीकडे बघत म्हणाले. "जरा वर-खाली केले."

"वर-खाली?" माझा आवाज चढला. "तुम्ही? अहो, त्या वाण्याचा अर्ध्या छटाकाने कमी भरणारा दगड तुम्ही सबंध बाजारासमोर जप्त केला होतात!"

"हळू बोल, गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे! पुतळ्याला बोलतेय म्हणून सांगेन!"

पण ओरडून ओरडून किती ओरडणार. ते इतके बारीक होऊन बसले होते की माझंच मन मला खाऊ लागलं. मला बाबांबद्दल फार माया आहे. ती मी बोलून दाखवत नाही, ओरडून दाखवते. मी दुकान काढायचं म्हटलं तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. बाबांनी फक्त एक केलं, माझी मोजायची टेप मागून घेतली, आपल्या कचेरीतल्या पट्टीला लावून पाहिली, आणि म्हणाले, "बरोबर आहे. काढ दुकान." वीस वर्षं झाली, दुसऱ्या कोणाच्या परवानगीची मला गरज पडली नाही.

त्याच आठवड्यात मंडळाचं पत्र आलं. बाबांनी ते उलटं धरलं होतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. आपल्या तुकड्यात निळ्या फुलपाखरांची नोंद सलग दोन वर्षं नऊ आणि नऊ अशी आहे. इतर सर्व ठिकाणी ती घटत असताना हे कसे, याची खातरजमा करण्यासाठी तपासनीस रविवारी आपल्याबरोबर चालतील. दोघांच्या नोंदींत मोठा फरक आढळल्यास आपली संपूर्ण मालिका बाद करण्यात येईल.

"संपूर्ण म्हणजे?" मी विचारलं.

"बावीस वर्षं," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

हे निळं म्हणजे नखाएवढं फुलपाखरू. सगळ्या नदीत फक्त आमच्या वळणावर दिसायचं. बाबांचा त्याच्यावर भारी जीव. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्याची माहिती दिली होती आणि मी झोप आवरत ऐकली होती.

"खरं सांगून टाका," मी म्हटलं.

"जन्मभर लोकांची खोटी मापं पकडली, सूनबाई. आता माझंच माप खोटं निघालं, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

झालं. तिथेच मी फसले. नाहीतर एरवी मी इतकी मूर्ख बाई नाही.

युक्ती माझीच. बटणं लावायचा दोरा घेतला, खाकी, मेण लावलेला. हा दोरा जन्मात तुटत नाही, असं मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत आलेय. एक टोक बाबांच्या मनगटाला, शर्टाच्या बाहीच्या आत. दुसरं माझ्या बोटाला. ते पुढे, मी चार पावलं मागे. पिवळं दिसलं की एक झटका. पांढरं असेल तर दोन. तीन झटके म्हणजे निळं. केशरी असेल तर एकदाच लांब ओढायचं. दोऱ्याचा रंग वाळूसारखा, कोणाच्या बापाला दिसणार नाही.

परसात दोन दिवस तालीम केली. कपडे वाळत घालायच्या दोरीवर मी रुमाल लावले आणि बाबांना त्याच्या कडेने फिरवलं. पहिल्या फेरीत त्यांनी सात पांढऱ्या रुमालांची चौदा पिवळी लिहिली, कारण मी दोन झटक्यांच्या मध्ये श्वास घेतला. त्यावर ते मला बोलले! म्हणे, "झटका सारख्या मापाचा हवा, सूनबाई." खोटेपणा करतानासुद्धा मापात हवा माणसाला. तेवढ्यात आमचे हे कामावरून आले. हे लिफ्ट दुरुस्त करतात, घरी येईपर्यंत दमलेले असतात. फाटकात उभे राहून त्यांनी पाहिलं, की बायकोने वडिलांना दोऱ्याने बांधलंय आणि दोघं रुमालांभोवती संथपणे चाललेत.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"फिटिंग," मी म्हटलं.

हे बघत राहिले, मग आत जाऊन झोपले. सुखी माणूस.

रविवारी सकाळी नऊला पुलाखाली पोचलो. निघताना बाबांनी माझ्या गळ्यातली छोटी कात्री काढायला लावली, चकाकणारं काही अंगावर नको, नियम सातवा. तपासनीस बाई आधीच येऊन थांबल्या होत्या. बाई कसल्या, पोरगीच होती, पंचविशीची असेल नसेल. डोक्यावर भली मोठी हॅट, हातात फळीला लावलेला कागद. बाबांना पाहिल्यावर ती इतकी ताठ उभी राहिली, की मला वाटलं आता सलाम ठोकते.

"सर, मी तुमच्या नियमावलीवरच शिकले," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर चालायला मिळतंय, मला रात्रभर झोप नाही."

"आम्हालाही नाही," मी म्हटलं.

"या माझ्या सूनबाई," बाबा म्हणाले. "माझी औषधं यांच्याकडे असतात." हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलेलं वाक्य होतं आणि ते त्यांनी हॅट अडकवलेल्या झुडपाकडे बघून म्हटलं, कारण तिने घाम पुसायला हॅट काढून ठेवली होती. मी पटकन एक झटका दिला. ते दचकले आणि त्यांनी वहीत एक पिवळं लिहिलं. तिने हॅट पुन्हा डोक्यावर चढवली.

निघालो. नियम असा, की दोघांनी बोलायचं नाही, आपापलं लिहायचं. फक्त निळं दिसलं तर मोठ्याने सांगायचं, कारण ते दुर्मीळ, दुसऱ्यानेही बघावं.

मी रोज दोनदा त्या पुलावरून जाते. खाली काय आहे ते वीस वर्षांत कधी वाकून पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, वाळू आणि लोकांनी टाकलेला कचरा. कचरा होताच. पण गोट्यांच्या मधून बारीक पिवळी फुलं आली होती, झुडपांच्या शेंड्यांना तांबूस कोवळी पानं, आणि जिथे वाळूखाली ओल होती तिथे पांढऱ्या फुलपाखरांची गर्दी. पंख मिटून, सगळी एकाच दिशेला तोंड करून ओल चोखत होती. जवळ गेलं की एकदम उठायची. पांढरं म्हणजे आपण म्हणतो तसं एक पांढरं नाहीच. कोणी दुधाळ, कोणी अस्तराच्या कापडासारखं पिवळट, कोणाच्या कडेला काळी बारीक पायपीन, कापडाच्या काठाला शिवतात तशी. इतकी सरळ पायपीन मला मशीनवरही येत नाही. पिवळ्यांत तर चार रंग! मी झटके देता देता रमले. हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही.

आणि जमलं हो. एक, दोन, एक, लांब. बाबा डौलात चालत होते, वहीत अंगठ्याने ओळ चाचपून रेघा मारत होते. पोरगी मधून मधून चोरून त्यांच्याकडे बघायची आणि कौतुकाने मान हलवायची. माझा जीव हळूहळू भांड्यात पडत होता.

मग वळण आलं. तिथे एका जागी दहा मिनिटं उभं राहायचं असतं. बाबा एका सपाट दगडावर उभे राहिले. मी डोळ्यात तेल घालून बघत होते, निळं कुठे आहे, निळं कुठे आहे. बाबांनी सांगितलं होतं की ते काटेरी झुडपांपाशी असतं, म्हणून मी जरा बाजूला झाले, एका झुडपाला वळसा घातला, पलीकडून दुसऱ्याला. आणि बोट ओढून बघते तर दोरा येईना. झुडपात अडकला.

मी दोरा सोडवायला हात घातला. झुडपाने माझी बाही धरली. बाही सोडवायला दुसरा हात घातला, तोही धरला. चिडून मी दोऱ्याला हिसके दिले. एक, दोन, तीन.

"निळं!" बाबा ओरडले.

मी हात आखडले. तेवढ्यात नदीच्या पात्रातून वारा सुटला, फांदी हलली. एक, दोन, तीन.

"निळं! अजून एक!"

"कुठे सर?" पोरगी धावली.

"उजवीकडे!" बाबा म्हणाले. आता उजवीकडे की डावीकडे, त्यांना तरी काय माहीत. वारा काही थांबेना. फांदी आपली नेमाने तीनदा हलायची, थांबायची, पुन्हा तीनदा. मी मेणाच्या दोऱ्याला दात लावले. तो जन्मात तुटत नाही हे गिऱ्हाइकांना सांगते ते अगदी खरं आहे.

"निळं! हे बघा, आणखी दोन!" बाबांचा चेहरा मला फांद्यांतून दिसत होता. अहो, तो माणूस आनंदाने उजळून निघाला होता! दोन वर्षांनी त्यांना निळं भेटत होतं, आणि इकडे मी काट्यांत गुडघ्यावर बसून त्या झाडाला मनातल्या मनात नाही नाही ते बोलत होते.

आणि खरी गंमत पुढेच. पोरगी म्हणाली, "हो सर! दिसलं!"

मी काट्यांतून डोकं वर काढलं. काय दिसलं? तिथे एक माशीसुद्धा नव्हती!

"अजून एक," बाबा म्हणाले.

"हो सर, दिसलं सर." आणि तिने कागदावर रेघ मारली.

दहा मिनिटं संपली. बाबांनी वहीवर बोट फिरवलं. "निळी, सतरा," ते म्हणाले. आवाज नुसता भरून आला होता.

पोरगी घसा खाकरून म्हणाली, "माझी अठरा, सर."

जीव भांड्यात पडायला हवा होता, नाही का? आकडे जुळले, मालिका वाचली, चला घरी, दुकान उघडा. पण बाबा हलले नाहीत. त्यांनी मान तिरकी केली. ती मान मी ओळखते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्यांना अशाच तिरक्या मानेने दिसायचं, असं जुने दुकानदार सांगतात.

"अठरावं कुठे बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"त्या... त्या झुडपावर, सर."

"पंख कसे होते?"

"उघडे. छान निळे दिसत होते."

"इतक्या उन्हात ते पंख मिटून बसतं, बाई. मिटल्यावर ते राखाडी दिसतं, निळं दिसतच नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "वीस वर्षांत मी एका वसंतात अकराच्या वर मोजलेलं नाही. तुम्ही अठरा पाहिलीत?"

पोरगीचा चेहरा पडला. तिने कागद छातीशी धरला आणि एकदम रडायलाच लागली. "मला एकही दिसलं नाही, सर! तुम्ही सांगत होता आणि मला दिसत नव्हतं. मला वाटलं माझीच नजर कच्ची आहे. तुम्हाला दिसतंय म्हणजे असणारच ना! म्हणून मी लिहीत गेले. एक जास्त लिहिलं, म्हणजे... म्हणजे मी लक्ष देत होते असं वाटेल."

बाबा दगडावरून खाली उतरले. मला आधी वाटलं आता तिची खरडपट्टी काढतात. पण ते नुसते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी शर्टाची बाही वर सारली आणि मनगटाला बांधलेला दोरा तिच्यापुढे धरला.

"तुमची नजर चांगली आहे," ते म्हणाले. "माझी गेली. दोन वर्षं झाली. मला तुम्हीसुद्धा दिसत नाही, नुसती हॅट दिसते. आजची सतरा खोटी. मागची नऊ आणि त्याच्या मागची नऊ, तीही खोटी. घरी बसून लिहिलेली."

ती रडायची थांबली आणि दोऱ्याकडे बघायला लागली. मग दोऱ्यावरून नजर सरकवत सरकवत झुडपापर्यंत आली, आणि झुडपात मी.

"नमस्कार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात वारा आला आणि बाबांच्या मनगटाला तीन झटके बसले.

"हे बघा," बाबा म्हणाले, "अठरावं."

आयुष्यातली पहिली थट्टा, आणि तीही अशा वेळी! पोरगी रडता रडता हसली. मला हसू येईना. माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं, आणि हात काट्यांत असल्यामुळे ते पुसताही येईना.

त्या दोघांनी मिळून मला सोडवलं. म्हणजे पोरगीने सोडवलं आणि बाबांनी सूचना दिल्या. मग बाबांनी वही तिच्या हातात दिली. "दोन वर्षांवर काट मारा आणि खाली लिहा, नोंदी खोट्या, कबुली स्वतः दिली. सही मी करतो. जागा दाखवा."

"सर, हे लिहिल्यावर बाकीची वीस वर्षं मंडळ ठेवेल की नाही, मला माहीत नाही."

"माहीत नसेल तर माहीत नाही असंच लिहा," बाबा म्हणाले. सही वाकडी झाली, ओळीच्या पार खाली गेली. पण केली. मग म्हणाले, "आता चला परत पुलापाशी. आजचा दिवस फुकट घालवायचा नाही. सूनबाई, तू मोठ्याने सांग. बाई, तुम्ही स्वतः पाहा आणि दिसलं तेवढंच लिहा. मी नुसता चालतो, चाल बरोबर राहावी म्हणून."

पुन्हा पुलापासून निघालो. आता दोरा नव्हता, लपवाछपवी नव्हती. मी तोंडाने सांगत होते आणि माझं तोंड चालायला लागलं की थांबत नाही. "डावीकडे तीन पांढरी, त्यातलं एक मळकट. गोट्यावर केशरी, कडा उसवलेल्या. पुढे पिवळं, हळदीसारखं नाही हो, पोस्टकार्डासारखं." पोरगी प्रत्येक वेळी बघायची, दोनदा म्हणाली, "ताई, ते वाळकं पान आहे," आणि मी कबूल केलं. बाबा ऐकत होते. मधेच म्हणायचे, "उसवलेल्या म्हणजे खालच्या की वरच्या पंखाच्या?" मी सांगितलं की ते नाव सांगायचे आणि पोरगी लिहायची. मला वाटतं, त्या तासाभरात तो माणूस दहा वर्षांनी लहान झाला.

वळणावर पोचलो. बाबा पुन्हा त्या दगडावर उभे राहिले. वारा पडला होता.

"सांग," ते म्हणाले.

"ओलीवर पांढरी, चाळीस असतील."

"असतील?"

"थांबा, मोजते. अडतीस. पिवळी पाच."

"आणि?"

मी बघितलं. झुडपं बघितली, वाळू बघितली, गोट्यांच्या सावल्या बघितल्या. पोरगीही बघत होती. तिने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. मी बाबांकडे पाहिलं. ते तोंड उघडं ठेवून वाट बघत होते. एक निळं, फक्त एकच, असं म्हणावंसं मला इतकं वाटलं की शब्द ओठांवर आला होता. कोणाचं काय गेलं असतं?

"नाही बाबा," मी म्हटलं. "निळं एकही नाही."

"परत बघ."

परत बघितलं. "नाही."

पोरगीने कागदावर शून्य काढलं. पेन्सिलीचा आवाज ऐकू आला इतकं शांत होतं.

बाबा दगडावर खाली बसले. "दोन वर्षं मी इथे नऊ लिहीत होतो," ते म्हणाले. "नऊ आहेत म्हटल्यावर बघायला कोण येणार होतं, सूनबाई? कोणीच आलं नाही. मला वाटत होतं मी माझं नाव वाचवतोय."

ओरडता येईल असं काहीच नव्हतं त्यात. मी नुसती त्यांच्या शेजारी बसले. पोरगीने घड्याळात पाहिलं, फळी बाजूला ठेवली आणि हॅट काढली.

"सर," ती म्हणाली, "मोजणीची वेळ संपली. आता शोधायला नियम आडवा येत नाही ना?"

बाबांनी मान वर केली. म्हणाले, "अंडी घालत असेल तर कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला घालतं. गुडघ्याच्या उंचीवर, सावलीच्या बाजूला. टाचणीच्या टोकाएवढी, पांढरी."

"टाचणीच्या कुठल्या टोकाएवढी?" मी विचारलं. "आमच्याकडे दोन असतात."

"बोथट."

पोरगी एका झुडपाशी गेली, मी दुसऱ्याशी. बाबा दगडावरून सांगत होते, हळू, पान तोडू नका, नुसतं उलटा. मी काट्यांत हात घातला आणि एकेक पान उलटून बघायला लागले. तिसऱ्या झुडपापर्यंत पोचलो तेव्हा दुकान उघडायची वेळ टळून गेली होती, पण तिघांपैकी कोणीच घरी जायचं नाव काढलं नाही.